दोनचा ग्लास

गुलाबीकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं कॉलेजात कुणी उरलं नव्हतं. नाव होतं म्हणे पगारपत्रकावर, पण त्याला विचारतो कोण! शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचे ते गुलाबीकाका. आणि हसू नका, नाव चेष्टेतून पडलेलं असलं तरी मिरवावं असंच होतं.

त्याचं असं आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोरं एक प्रयोग वर्षभर करत असतात. चंबूत आम्ल घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, आणि वरून काचेच्या उभ्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. सोडा आम्लाला खात जातो. चंबूतलं पाणी मात्र आपलं नितळच्या नितळ, जणू काही घडतच नाही. आणि मग एका थेंबाला आम्ल संपतं आणि सगळं पाणी गुलाबी होतं. फिकं गुलाबी. तिथं थांबायचं. आणखी एक थेंब पडला की रंग बिटावर जातो आणि प्रयोग वाया. तो फिका गुलाबी ओळखण्यात गुलाबीकाकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिंकपाशी भांडी घासत असायचे, मान नुसती वळवायचे आणि तिथूनच ओरडायचे, "तिसऱ्या टेबलावरची गं! गेलं तुझं बिटावर. ओत ते आणि कर पुन्हा." पोरगी बिचारी वहीत आकडा लिहून मोकळी झालेली असायची.

स्वतः बारावीला दोनदा आपटलेले, आणि तेही रसायनशास्त्रातच. परीक्षेत लिहायचं म्हटलं की काही येत नसे. पण हातात विद्या होती. एकतीस वर्षांत त्यांनी बनवलेलं द्रावण कधी चुकलं नाही, आणि एकतीस वर्षांत कॉलेजातली काचेची कांडीसुद्धा कधी घरी नेली नाही. विभागप्रमुख मॅडम त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, मोठ्या शिकलेल्या, पण गुलाबीकाका रजेवर असले की त्या बाई नुसत्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नवी तुकडी आली की मॅडम तिला एक प्रयोग दाखवायच्या. बोलायचं मॅडमनी, हात गुलाबीकाकांचे. दोन बीकर. एकात साधं शुद्ध पाणी, दुसऱ्यात बफर. जुना काट्याचा पीएच मीटर, आम्ल वाढलं की काटा सातावरून खाली. साध्या पाण्यात काका आम्लाचा एक थेंब टाकायचे आणि काटा सातावरून धाडकन तीनावर यायचा. पोरं "अरे!" करायची. मग बफरमध्ये एक थेंब. काटा सातावर. दुसरा, पाचवा, दहावा. काटा जागचा हलेना. इथं काका हमखास भुवया उडवायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. मग मॅडम म्हणायच्या, "आणि आपलं रक्त? आपलं रक्तसुद्धा बफरच आहे बरं का. त्यात बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपला खायचा सोडाच म्हणा ना. आपण कसंही वागलो तरी काटा हलत नाही."

एवढं झालं की गुलाबीकाका बीकर उचलायचे, सिंकपाशी जायचे आणि नळ सोडायचे. दहा मिनिटांत पुढची तुकडी यायची, भांडी वाळायला नकोत? आणि तो पितळी नळ असा काही गरजायचा की कानापाशी ढोल बडवला तरी कळू नये. मॅडम पुढं फळ्यावर आणखी पंधरा मिनिटं काहीतरी सांगायच्या. काय सांगायच्या ते एकतीस वर्षांत गुलाबीकाकांनी एकदाही ऐकलं नाही. गरजच काय! टाळ्या तर पडून गेलेल्या असायच्या.

घरी ते आणि काकू, दोघंच. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख कधीकाळी करून झालं होतं. दोन खोल्या, खिडकीत एक कुंडी, आणि दिवसभराच्या गमती ऐकायला एक माणूस, यात ते सुखात होते. काकू हसायच्या छान, तोंडावर हात धरून. मग त्यांना रक्तदाब निघाला, आणि त्या रक्तदाबानं गुपचूप दोन्ही किडन्या पोखरल्या. कळलं तेव्हा निम्म्याहून जास्त काम उरकलं होतं.

किडनीचे डॉक्टर शांत, कमी बोलणारे. त्यांनी कागदावर एका आकड्याभोवती गोल केला. "किडनी आम्ल बाहेर टाकत नाहीये. रक्तात आम्ल साठतंय. हे बायकार्बोनेट बघा, सोळा. बावीसच्या वर पाहिजे."

गुलाबीकाका खुर्चीत पुढं सरकले. बायकार्बोनेट! हा तर घरचाच विषय निघाला.

"या सोड्याच्या गोळ्या. दोन दोन, तीन वेळा. त्यापेक्षा जास्त नाही," डॉक्टर म्हणाले. "मीठ अगदी कमी. पाणी मोजून. पथ्य नीट सांभाळलंत तर वर्ष, कदाचित दोन वर्षं मशीनशिवाय, म्हणजे डायलिसिसशिवाय निघतील. महिन्यानं या."

मशीन म्हटल्यावर काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांची थोरली बहीण मशीनवर होती. काकूंनीच तिची सेवा केली होती, मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून. दंडावरच्या फुगलेल्या शिरा, सुया, परत येताना गाडीत मांडीवर पडलेलं डोकं, सगळं या डोळ्यांनी बघितलेलं. आठ महिन्यांत ताई गेली.

घरी आल्यावर काकूंनी चपला काढायच्या आधी काकांचा हात धरला. "मला तिथं नेऊ नका. काहीही करा, पण मशीनवर नेऊ नका. शब्द द्या."

"दिला," काका म्हणाले. "अगं, साधी गोष्ट आहे. आम्ल वाढलंय ना? मग सोडा घालायचा. जन्मभर दुसरं केलंय काय मी!"

आणि इथंच माती खाल्ली त्या माणसानं.

पहिल्या दिवशी त्यांनी सोड्याची गोळी तळहातावर घेतली आणि त्यांना हसू आलं. एवढीशी! एवढ्यानं तर चंबूतलं आम्लही मरायचं नाही, अख्ख्या बाईच्या अंगातलं काय मरणार? डॉक्टर लोक घाबरट, त्यांनी मनाशी ठरवलं. जबाबदारी नको म्हणून थोडंथोडं देतात. गोळ्या द्यायच्याच, पण वरून एक चमचा सोडाही द्यायचा. आणि बाजारातला नाही, प्रयोगशाळेतला शुद्ध. त्या संध्याकाळी एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पिशवीत कॉलेजची बरणी होती. तिच्यासोबत रंगपट्ट्यांचं एक पुस्तकही होतं, आम्ल असलं तर पिवळ्या आणि सोडा असला तर निळ्या होणाऱ्या पट्ट्यांचं. दारात रखवालदारानं नेहमीसारखा हात केला तर काकांनी पिशवी पलीकडच्या हातात घेतली.

सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री जेवणाआधी, असे तीन ग्लास. आठचा आणि जेवणाआधीचा ते स्वतः समोर बसून पाजायचे. दोनचा काकूंनी आपला आपण घ्यायचा.

"काय घाण लागतं हो," काकू म्हणायच्या.

"औषध आहे, सरबत नाही. पी."

त्या प्यायच्या. ढेकर द्यायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, पण ग्लास रिकामा करायच्या. सकाळी काका रंगपट्टी लघवीत बुडवून खिडकीपाशी न्यायचे. पहिला आठवडाभर पट्टी पिवळी ती पिवळीच. काकांनी चमचे दोन केले. ब्युरेटपाशी उभा राहणारा माणूस तो, रंग येईपर्यंत थांबायचं नसतं हे त्याच्या हाडीमांसी भिनलेलं. दहाव्या दिवशी पट्टी हिरवट झाली. चौदाव्या दिवशी हिरवी. एका वहीत ते रोजची पट्टी गोंदानं चिकटवायचे, शेजारी तारीख, वेळ, चमचे. अक्षर सुरेख होतं त्यांचं, आणि वही कायम पिशवीत.

सतराव्या दिवशी पट्टी निळी झाली. काका खिडकीपाशी उभ्या उभ्या ओरडले, "अगं, बघ! आला रंग!" आणि बारावी नापास म्हाताऱ्यानं चक्क एक गिरकी घेतली. काकू पलंगावर बसून हसल्या, तोंडावर हात धरून. कितीतरी महिन्यांनी.

त्या हाताकडं त्यांनी नीट बघायला हवं होतं. बोटातली अंगठी निघेनाशी झाली होती. चपला चढत नव्हत्या म्हणून काकू घरात अनवाणी फिरत होत्या. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आधी एका उशीवर झोपणारी बाई आता तीन उशांना टेकून बसल्या बसल्या डोळे मिटत होती. हे सगळं काकांना दिसत नव्हतं असं नाही हो. दिसत होतं. पण पट्टी निळी होती! काकू म्हणायच्या, "हवाच अशी आहे, अंग जड होतं," आणि काका म्हणायचे, "हो, हवाच अशी आहे." माणसाला जे हवं असतं त्यासाठी तो हवेवरसुद्धा खापर फोडतो.

एकविसाव्या दिवशी रक्त दिलं, आणि संध्याकाळी कागद हातात आला. बायकार्बोनेट चोवीस. सोळाचं चोवीस! काकांनी तो आकडा काकूंना चारदा वाचून दाखवला. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी होती. "जाऊ आणि तोंडावर टाकू त्यांच्या," काका म्हणाले. "म्हणे मशीन!"

दुसऱ्या दिवशी तो कागद चार घड्या करून खिशात घालून ते कॉलेजला गेले. नवी तुकडी होती, तोच प्रयोग होता. दहा थेंब पडले, काटा हलला नाही, टाळ्या झाल्या. आपलं रक्तसुद्धा बफरच आहे बरं का, मॅडम म्हणाल्या. काकांनी बीकर उचलले, सिंकपाशी गेले, नळ सोडला.

नळाला पाणी नव्हतं. वरच्या टाकीचा पाइप सकाळीच फुटला होता.

करायला काहीच नाही म्हटल्यावर काका बीकर हातात घेऊन तिथंच उभे राहिले. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा प्रयोगशाळा शांत होती आणि मॅडमचं पुढचं बोलणं ऐकू येत होतं.

"आता खरी गंमत," मॅडम म्हणाल्या. "काटा हलला नाही म्हणजे आत काही झालं नाही असं समजू नका. काटा फसवा असतो. आम्ल गेलं, सोडा गेला, पण त्यांच्या झटापटीतून काहीतरी मागं उरलं. काय उरलं?"

त्यांनी चिनीमातीची एक बशी पुढं ओढली. आम्ल आणि सोडा अगदी बरोबर मिसळलेलं पाणी तिच्यात घालून ती त्यांनी तापत ठेवली होती. पाणी उडून गेलं होतं. तळाला पांढरा थर होता.

तो थर गुलाबीकाकांच्या ओळखीचा होता. रोज सतरा बश्यांवरून ते तो खरवडून काढायचे.

"मीठ," मॅडम म्हणाल्या. "सोड्यातला सोडियम कुठं जातो? कुठंही नाही. तो तिथंच राहतो. सोडा कुठलाही असो, कॉस्टिक असो की खायचा, आम्ल मारून झाल्यावर सोडियम मागं उरतोच. आणि शरीरात तो एकटा राहत नाही, पाणी धरून बसतो."

"मॅडम."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. वर्गात गुलाबीकाका कधी मध्ये बोलत नसत.

"हे... इथं मी धुतो," काका म्हणाले. "शरीरात कोण धुतं?"

"किडनी, काका," मॅडम हसून म्हणाल्या. "तुमचंच काम करते ती."

काकांनी बीकर खाली ठेवला तो सिंकच्या कडेवर. तो पडला आणि फुटला. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून फुटलेलं ते पहिलं भांडं असेल, पण त्यांनी त्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर काकूंचा पाय होता, बोट दाबल्यावर पडणारा खड्डा होता. रोज सहा चमचे. आणि धुणारं कुणी नाही. भिंतीवरच्या घड्याळात दीडला पाच कमी होते.

दोनचा ग्लास!

त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. जिना उतरताना पुन्हा लावला, फाटकाशी पुन्हा. काकू फोन कधी तिसऱ्या घंटेच्या पुढं जाऊ देत नसत. रिक्षात बसल्यावर ते रिक्षावाल्याला म्हणाले, "बाबा, दोनच्या आत पोचव." रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि काही न विचारता रिक्षा हाणली. काका पुटपुटत होते. देवाला नव्हे, काकूंनाच. अगं, पिऊ नकोस. आजचा एक पिऊ नकोस. हजार वेळा पी म्हटलं, आता एकदा माझं ऐकू नकोस. चौकात सिग्नल लागला तेव्हा हा एकोणसाठ वर्षांचा माणूस गुडघ्यांवर मुठी आपटत होता.

दार ढकललं तेव्हा दोनला दोन कमी होते. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढं वाकलेल्या. छातीतून बुडबुड असा आवाज येत होता. ओठ निळे. स्टुलावर ग्लास भरलेला होता, त्यात चमचा होता. काकूंनी मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण एक शब्द बाहेर काढण्याइतकाही वारा त्यांच्यात नव्हता. काकांनी त्यांना उचललं. एवढ्याशा बाईचं वजन किती वाढलं होतं!

इस्पितळात तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला, सुया टोचल्या. किडनीचे डॉक्टर तिथंच होते, धावत आले. छातीला नळी लावून ऐकलं, पाय दाबला, आणि वळून काकांकडं बघितलं. "हे काय झालं? काय दिलंत यांना?"

खोटं बोलता आलं असतं. गोळ्याच दिल्या, डॉक्टरसाहेब, म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? काकांनी पिशवीतून वही काढून पुढं केली. डॉक्टरांनी पानं उलटली. पिवळी पट्टी, पिवळी, हिरवट, हिरवी, निळी, निळी. शेजारी तारीख, वेळ, चमचे.

"एवढी नीट वही माझे शिकाऊ डॉक्टरही ठेवत नाहीत," डॉक्टर हळू म्हणाले, आणि ते बोलणं काकांना थोबाडीत मारल्यासारखं लागलं. "रक्तातलं आम्ल गेलं. पण सगळा सोडियम अंगात राहिला. त्यानं पाणी धरलं आणि आता ते पाणी फुप्फुसात शिरलंय. औषधानं लघवी होत नाहीये. मशीन लावावी लागेल. आत्ता."

"आत्ता?"

"अर्धा तास आहे आपल्याकडं. फार तर."

कागद पुढं आला. पेन आलं. काकू मुखवट्याआडून बघत होत्या. मशीन हा शब्द त्यांनी ऐकला होता. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा हलवली. सुई टोचलेला हात उचलून काकांच्या मनगटापर्यंत आणला आणि बोटं आवळली. काय जोर होता त्या बोटांत! मग डोळे फिरले आणि बोटं आपोआप सैल पडली.

काकांनी सही केली. खऱ्या नावाची, पगारपत्रकावरची. तेवढ्या वेळापुरतं त्यांना स्वतःची इतकी किळस आली की पेन हातातून फेकून द्यावंसं वाटलं. एक शब्द दिला होता बायकोला, उभ्या जन्मात एक. आणि तो मोडायची पाळी दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच आणली होती.

मशीनच्या खोलीत एक टेक्निशियन बाई होती, पोक्त, झटपट काम करणारी. तिनं मशीनखाली दोन कॅन सरकवले. एकावर लाल झाकण, एकावर निळं.

"यात काय असतं?" काकांनी विचारलं.

"लालमध्ये आम्ल, निळ्यात सोडा. दोन्ही पाण्यात मोजून मिसळतात."

"पुन्हा सोडाच?"

"सोडा वाईट नाही हो," बाई म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. "पण मशीनमध्ये सोडा येतो तसं नको असलेलं निघूनही जातं. खरं काम धुण्याचं. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत घालायचं. दुसरं काय!"

काका बाजूच्या स्टुलावर बसले. नळीतून काकूंचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, धुण्याचं. आणि घरात धुण्याची गरज होती तेव्हा ते ओतत बसले होते.

डॉक्टर मध्ये एकदा येऊन गेले. बाहेर बोलावून म्हणाले, "जीव वाचेल असं दिसतंय. पण किडनीवर फार ताण पडलाय. पुन्हा चालू लागली तर नशीब. मी आशा लावून ठेवत नाही. आठवड्यातून तीनदा यावं लागेल."

"तुम्ही वर्ष म्हणाला होतात. दोन वर्षं."

"म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले, आणि एवढंच बोलून गेले.

साडेपाचच्या सुमारास काकूंचा श्वास मोकळा झाला. छातीतली बुडबुड थांबली. त्यांनी डोळे उघडले, आधी छताकडं बघितलं, मग नळ्यांकडं, मग मशीनकडं. मशीनकडं पुष्कळ वेळ बघितलं. काका मान खाली घालून बसले होते. आता शिव्या दे, त्यांना वाटत होतं. तोंड फिरव. काहीही कर.

काकूंनी मुखवटा एका बोटानं बाजूला केला. "अहो."

"अगं, बोलू नकोस."

"आजचा दोनचा तेवढा राहिला हो," काकू म्हणाल्या. "भरून ठेवला होता. पण श्वासच पुरेना. रागावू नका."

गुलाबीकाकांनी पलंगाच्या लोखंडी कडेवर डोकं टेकलं आणि ते रडले. पलीकडच्या पलंगावरचा माणूस बघत होता, टेक्निशियन बाई बघत होती, पण त्यांना कशाचंच भान नव्हतं. रडता रडताच त्यांनी सगळं सांगितलं. चमचे सांगितले, बरणी सांगितली, बशीतला पांढरा थर सांगितला. "मीच केलं गं हे. तुझं वर्ष होतं. दोन वर्षं असती कदाचित. माझ्या हातानं पाजून पाजून घालवली मी."

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, मी मनापासून पीत नाही म्हणून अंगाला लागत नाही."

काकांनी चादर ओढून त्यांच्या पायांवर घातली.

"परवा पुन्हा आणणार?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग?"

"मग पुन्हा. आठवड्यातून तीनदा."

काकूंनी डोळे मिटले. कडेनं पाणी आलं ते उशीवर गेलं. ते पुसायला काकांनी हात पुढं केला तर त्यांनी मान थोडी बाजूला घेतली. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "घरी गेलात की तो ग्लास घासून टाका. तसाच राहिला तर पांढरं धरेल."

काका घरी गेले ते तिसऱ्या दिवशी, काकूंचे कपडे आणायला. ग्लास स्टुलावर तसाच होता. पाणी बोटभर आटलं होतं, आणि जिथून आटलं होतं तिथं काचेवर आतून पांढरी कड धरली होती. त्यांनी तो सिंकमध्ये ओतला, नळ सोडला आणि घासायला घेतला. कड केव्हाच निघाली होती. तरी ते घासत होते.